पश्चात्तापाच्या दहा ओळी

‘घंटेचं नाव काय ठेवायचं, असं धर्मगुरूंनी विचारलं,’ इथपर्यंत झेलीने छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि तिचा उजवा हात पेटीवर अधांतरी राहिला. पुढचं वाक्य तिने अजून वाचलं नव्हतं. वाचायची गरजही नव्हती, कारण ते एकोणीस वर्षं तिला पाठ होतं. आजूबाजूच्या बायकांचे हात चालू होते. शिशाचा खिळा पट्टीत पडतो तेव्हाचा तो बारीक टिकटिक आवाज, दिवसभर कानांत असतो म्हणूनच कधी ऐकू न येणारा, तिला एकदम ऐकू यायला लागला. तिने वाकून हस्तलिखिताचा कागद पाहिला. उभट, गर्विष्ठ अक्षर होतं. ‘आणि ती सरदारीण आपल्या हिरव्या डोळ्यांनी साऱ्या गावाला आव्हान देत म्हणाली : मार्सियाल.’

आपले डोळे हिरवे नाहीत, हा पहिला विचार तिच्या मनात आला. ते मातकट आहेत, आणि आता तर जवळचं नीट दिसतही नाही. सरदारीण? नोटरीची बायको होते मी. मग तळव्यांना घाम सुटला, खिळे निसटायला लागले, आणि हात धुवायला म्हणून ती नळाकडे गेली तर तिथे फोरमन ग्रांदें उभा होता. सकाळी कागद वाटताना हाच म्हणाला होता, “मस्यू द सेनोव्हिल यांचं पुस्तक आहे. सहा गोष्टी, सहा बायका, आणि सहाही वाया गेलेल्या. मादाम थिएरो, तुमच्या वाट्याला चौथी आलीय. बोटं भाजतील, जपून!” बायका खिदळल्या होत्या. तीही हसली होती. आता तो तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, “काय मादाम, भाजलं का बोट?” आणि तिला वाटलं याला माहीत आहे. याला, त्या बायकांना, पलीकडच्या खोलीतल्या पुरुष जुळाऱ्यांनाही माहीत आहे; सगळ्यांनी मिळून मुद्दाम हे पान आपल्यापुढे ठेवलंय. पण ग्रांदें शीळ घालत निघून गेला. त्याला काही माहीत नव्हतं. पॅरिसमध्ये कुणालाच नव्हतं. इथे ती झेली थिएरो होती, खिळे ओतणाऱ्या मार्सियाल थिएरोची विधवा, तेरा वर्षं याच छापखान्यात, पुरुषांच्या निम्म्या मजुरीवर. नॉर्मंडीतल्या सेंत-ओबेर गावच्या नोटरी कोर्बेची बायको एका रविवारी दुपारी जगातून नाहीशी झाली होती.

ती जागेवर परतली आणि जुळवू लागली. दुसरं काय करणार? हात नेहमीसारखे चालले आणि मन त्यांच्या मागे फरफटत गेलं. लेखकाने खड्डा लिहिला होता. देवळामागचा घंटा ओतायचा खड्डा, वर चांदणं, आणि त्या चांदण्यात सरदारीण ओतारीच्या गळ्यात पडलेली. चांदणं कुठलं! दुपारचे तीन वाजले होते. देवळाची जुनी घंटा तडकली होती, नवी ओतायला लॉरेनकडचा ओतारी गाडीत हत्यारं घालून आला होता, आणि बारशात घंटेचं नाव ठेवणारी धर्ममाता म्हणून गावाने नोटरीच्या बायकोला निवडलं होतं. म्हणून ती बघायला गेली. कोंबड्या टोचत फिरत होत्या. तो बाह्या सारून साच्यासाठी माती मळत होता, मातीत घोड्याची लीद आणि बकरीचे केस. तिने नाकाला रुमाल लावला तेव्हा त्याने वर बघितलं. तो देखणा नव्हता. पुढचा एक दात तुटलेला होता. “हात घालून बघा मादाम,” तो म्हणाला. “धर्ममातेनं नाही हात लावायचा तर कोणी?” ती चेष्टा होती. तिने हातमोजे काढले, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात घातला. माती गरम होती. लिदीमुळे ती आतून गरम असते हे तिला ठाऊक नव्हतं. बकरीचे केस बोटांत अडकत होते, आणि त्या गरम, जड, जिवंत चिखलात कधीतरी त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि बाजूला झाली नाहीत. बस, एवढंच. चुंबन नाही, मिठी नाही. पण घरी येऊन ती हात धुवायला बसली तेव्हा पाणी गढूळ होताना बघत राहिली, आणि बावीस वर्षांच्या आयुष्यात आपण आजवर कशालाच हात लावलेला नाही असं तिला वाटलं. नवरा म्हणाला होता, “वास येतोय तुला.” तो वाईट माणूस नव्हता. सूप आवाज न करता प्यायचा.

हे लेखकाला कुठून कळणार? त्याला गावाने जे पाहिलं ते कळलं होतं, आणि नॉर्मंडीतल्या जेवणांच्या टेबलांवरून फिरत फिरत ती गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. घंटेच्या बारशाला सगळं गाव होतं. फुलं बांधलेली घंटा देवळाच्या मधोमध टांगलेली, पांढऱ्या कपड्यांतली धर्ममाता, बाजूला नवरा. धर्मगुरूंनी नाव विचारलं. मारी-जोझेफ ठरलं होतं. ती म्हणाली, “मार्सियाल.” लोकांना वाटलं चुकली. म्हाताऱ्या धर्मगुरूंनी मायेने पुन्हा विचारलं, “काय म्हणालीस, लेकी?” ती पुन्हा म्हणाली, “मार्सियाल.” मोठ्याने. मग ती देवळातून बाहेर चालत गेली, आणि इतकी शांतता होती की स्वतःच्या परकराची सळसळ तिला ऐकू येत होती. हे लेखकाने खरं लिहिलं होतं. लिहिताना हिरवे डोळे, पाचूची अंगठी आणि दोन ठिकाणी सैतान घातला होता, पण खरं होतं.

पुढचं पान दाराचं होतं. ते येणार हे तिला दिसत होतं, ओळीओळीने जवळ येत होतं. सरदारीण आपली दोन वर्षांची मुलगी न्यायला वाड्यावर धावते. नवरा दार लावून घेतो. ती मुठी आपटते, मुठींतून रक्त येतं, आतून लेकरू टाहो फोडतं. झेलीने ती ओळ जुळवली. ‘दार बंद होतं.’ एकेक खिळा उचलून तिने त्या मुठी, ते रक्त, तो टाहो जुळवला. सेंत-ओबेरमध्ये असंच सांगतात तर. म्हणजे नवऱ्यानेच सांगितलं असणार, मी दार लावून घेतलं म्हणून, कारण त्या वेळी दारापाशी बघायला कुणी नव्हतंच. आणि तिनेही मार्सियालला तेच सांगितलं होतं, फाट्यावर ठरल्याप्रमाणे थांबलेल्या त्याच्या गाडीत चढताना : दार लावून घेतलं त्यांनी. नवरा-बायकोंनी एकमेकांना न विचारता एकच खोटं सांगितलं होतं.

दार उघडं होतं. नवरा अजून देवळातच होता. दाई मागच्या अंगणात शेंगा सोलत बसली होती, शेंगा टोपलीत पडल्याचा आवाज येत होता. झेली जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, कठड्यावर हात ठेवून. वर मुलगी झोपली होती. अकरा पायऱ्या होत्या. वर जायचं, उचलायचं, शालीत गुंडाळायचं. मुलगी उठेल, रडेल, गाडीत थंडी असेल, मार्सियाल कपाळाला आठी घालेल, नाहीतर घालणारही नाही. तिने वाट बघितली. मुलगी रडली असती तर ती वर गेली असती, याबद्दल तिला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. पण मुलगी रडली नाही. लहान मूल दुपारचं गाढ झोपतं, त्यात त्याचा काय दोष? पंधरा-वीस श्वास ती तिथे उभी होती. मग वळली. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, मार्सियालला त्याच्या शेवटच्या दिवसांतही नाही, घंटा सोडून छापखान्याचे खिळे ओतताना भिनलेल्या शिशाच्या विषाने त्याचं पोट पिळवटत होतं आणि तो तिचा हात धरून काहीबाही बोलत होता तेव्हाही. मुलीचं नाव तिने एकोणीस वर्षं उच्चारलं नव्हतं. मनातसुद्धा ती ‘लहान’ म्हणायची. लहान आता सात वर्षांची असेल. लहान आता पंधराची. एकवीस.

आणि मग शेवट. दहा ओळी. सरदारीण अनेक वर्षांनी अनवाणी परत येते, लेकीच्या उंबऱ्यावर कोसळते, घंटेचा आवाज ऐकून छाती पिटते, ‘मी पापीण, मी पापीण’ म्हणत प्राण सोडते. झेली त्या ओळींकडे बघत राहिली. राग आला असं म्हणता येणार नाही. हात जुळवेनात, एवढंच. रक्ताळलेल्या मुठी याच हातांनी जुळवल्या होत्या, ते खोटं सोसलं होतं, ते सोयीचं होतं म्हणून. पण हे जुळवेनात. गाव सोडल्यानंतरच्या त्या सहा वर्षांत, पॅरिसमधल्या त्या एका खोलीत, त्या तुटक्या दाताच्या माणसाबरोबर ती जे जगली त्याच्यावर कुणी तरी ओली माती लोटत होतं. तिने हस्तलिखित उलटं ठेवलं आणि एकच वाक्य जुळवलं : ‘तिला पश्चात्ताप झाला नाही.’ गोष्टीचं शेवटचं पान होतं. खाली मोकळी जागा राहिली तरी कुणाच्या डोळ्यांवर येणार नव्हतं. तिने ती जागा कोऱ्या शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढली, जुळवलेल्या मजकुराला दोरी बांधली आणि गॅलीचं तबक पुढे सरकवलं.

तीन दिवसांनी मुद्रितशोधक प्लासीद यांनी तिला बोलावलं. सदुसष्ट वर्षांचे, हाडकुळे, तरुणपणी पाद्र्याचा झगा उतरवून पळून आलेले, लॅटिन आणि लसूण या दोनच गोष्टींवर प्रेम असलेले. काचेच्या खोपट्यासारख्या त्यांच्या खोलीत उजेड मोठा होता. त्यांनी प्रूफ तिच्यापुढे ठेवलं, बाजूला हस्तलिखित ठेवलं, आणि पेनचं टोक दहा ओळींवरून फिरवलं.

“खाल्ल्या तुम्ही,” ते म्हणाले.

“हो.”

“एखादी ओळ गळते. दोन गळतात. दहा ओळी गळून त्यांच्या जागी अकरावी उगवलेली मी या चाळीस वर्षांत पाहिली नाही.”

“बदलून देते, मस्यू प्लासीद. आत्ता देते.”

“द्याल हो, घाई कुणाला आहे?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “लेखकमहाराज गाउटने सुजलेला पाय वर करून पडलेत, ही पानं न बघताच छापा म्हणालेत. प्रकाशकाला पुस्तक नाताळाआधी हवंय. हे माझ्याशिवाय कोणी बघणार नाही.” त्यांनी पेनचं टोक फडक्याला पुसलं. “मी झगा उतरवला तेव्हा आईनं गावात सांगितलं, पोरगा पटकीनं गेला. वर्षश्राद्धंसुद्धा घातली माझी. मी जिवंत, चांगला सॉसेज खातोय, आणि तिकडे माझ्या नावानं मेणबत्त्या.” त्यांनी पेन शाईत बुडवलं आणि प्रूफच्या कोपऱ्यात सही केली. “चांगलं वाक्य आहे. पूर्णविराम तेवढा वाकडा बसलाय. तो बदला.”

पुस्तक निघालं आणि पंधरा दिवस काही झालं नाही. हे पंधरा दिवस झेलीला सगळ्यांत जड गेले. दूधवालीच्या दुकानात कॉफीचा वाडगा हातात घेऊन ती उभी असे आणि कुणी नॉर्मंडीच्या हेलात बोललं की वाडगा डचमळे. त्या काळी राज्य करणाऱ्यांना नीतीचा फार पुळका आला होता. नुकतंच युद्ध हरल्याचा, त्यामागच्या बंडात शहर पेटल्याचा दोष कुणावर तरी घालायचा होता, आणि वाया गेलेल्या बायकांच्या सहा गोष्टी त्यासाठी वाईट नव्हत्या. एका वर्तमानपत्राने कोरडे ओढले. मग पोलिसांनी दुकानांतून प्रती उचलल्या, आणि तपास न्यायाधीशांनी लेखकाला बोलावलं. लेखकाचं म्हणणं साधं होतं, ते छापखान्यात सगळ्यांच्या तोंडी झालं : मी कट्टर कॅथलिक माणूस, मी पाप दाखवतो ते त्याची शिक्षा दाखवायला, माझी एकही बाई रडल्यावाचून मरत नाही. न्यायाधीशांनी चौथ्या गोष्टीचं शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. म्हणे म्हातारा पांढराफटक पडला. हे मी लिहिलेलं नाही, असं म्हणाला.

मालक स्वतः खाली उतरून आले, असं तेरा वर्षांत दुसऱ्यांदा झालं. हस्तलिखित सापडलं, प्रूफ सापडलं, प्रूफवरची सही सापडली. काचेच्या आत मालकांचे हात हलताना बाहेरून दिसत होते आणि प्लासीद खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. ते काय म्हणाले ते नंतर ग्रांदेंने बायकांच्या खोलीत येऊन सांगितलं. “‘माझ्या नजरेतून सुटलं,’ म्हणे! दहा ओळी सुटल्या म्हाताऱ्याच्या नजरेतून! गुरुवारी कोर्टात जायचंय, आणि शुक्रवारी घरी. मालकांनी सांगून टाकलंय.” मग त्याने आवाज खाली केला. “पान कोणी जुळवलं होतं, मादाम थिएरो? तुम्हीच ना?”

“मीच.”

“मग?”

“माझ्या हाती आलं तसं जुळवलं,” झेली म्हणाली.

हे शब्द तोंडातून इतक्या सहज गेले की ती स्वतःच दचकली. म्हणजे आपण अशाही आहोत. सोमवार, मंगळवार, बुधवार ती हेच मनाशी घोकत राहिली. बोलावं तर न्यायाधीश विचारणार, का बदललंस? तुला काय कळतं त्यातलं? मग नाव निघणार. नाव निघालं की सेंत-ओबेरला पत्र जाणार. नवरा जिवंत होता, कायद्याने ती अजून मादाम कोर्बे होती, आणि नवऱ्याने तक्रार केली तर पळून गेलेल्या बायकोला तुरुंगात घालता येतं हे छापखान्यातल्या पोरीपोरींना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांनीही? ते तिला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारणार? विचारणं म्हणजेच सांगणं. न बोलावं तर प्लासीद. त्यांना मूलबाळ नाही, एक मांजर आहे, आणि हातांना आता इतका कंप आहे की दुसरीकडे कोणी उभं करणार नाही. ती त्यांच्या खोलीवरून जाताना मान खाली घालू लागली. त्यांनी एकदाही तिला हाक मारली नाही, आणि तेच असह्य होत होतं. ते रागावले असते, काचेवर टकटक करून ‘बाई, तुमच्यापायी’ असं काही म्हणाले असते, तर बरं झालं असतं. पुन्हा ती जिन्याच्या पायथ्याशी उभी होती, वरून कुणीतरी रडण्याची वाट बघत, आणि पुन्हा कुणी रडत नव्हतं. हे जेव्हा तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पाव कापत होती. सुरी खाली ठेवून ती बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली.

गुरुवारी सकाळी प्लासीद आपला काळा कोट घालून निघाले तेव्हा ती त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

“तुम्ही कुठं?” ते म्हणाले.

“तुमच्याबरोबर.”

“परत जा. मला काही होत नाही. म्हातारा माणूस, नजर गेली, संपलं. तुमचं काय आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही.”

“म्हणूनच येतेय.”

“बाईमाणूस म्हणजे खेचराची जात,” ते पुटपुटले, पण त्यांनी चाल मंद केली, तिला दम लागू नये म्हणून.

न्यायाधीशांची खोली लहान आणि फार गरम होती. शेगडीजवळच्या खुर्चीत मस्यू द सेनोव्हिल बसले होते. साठीपुढचे, कमरेत आवळलेला जुन्या तऱ्हेचा कोट, रंगवलेल्या मिशा, पट्ट्यांत गुंडाळलेला पाय स्टुलावर. त्यांना ती प्रथमच बघत होती. तिला वाटलं होतं हा माणूस धिप्पाड असेल. प्लासीद तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “साहेब, यांचा दोष नाही. दहा ओळी मी काढल्या. ते वाक्य मी घातलं.” आवाज तिचा तिलाच दुरून आल्यासारखा वाटला. कारकुनाचं पेन कुरकुरू लागलं.

न्यायाधीश तरुण होते, थकलेले. “तुम्ही काढल्या. का?”

“तसं झालं नाही म्हणून.”

“काय झालं नाही?”

“ती परत गेली नाही. छाती पिटली नाही. लोकांनी देवळापर्यंतच पाहिलं. पुढचं त्यांना माहीत नाही.”

“आणि तुम्हाला माहीत आहे.” न्यायाधीश आता थकलेले दिसत नव्हते. “कसं काय? मादाम, आपलं पूर्ण नाव सांगा. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, जन्मगाव.”

शेगडीत कोळसा खचल्याचा आवाज झाला. तिने तोंड उघडलं. आणि तेवढ्यात खुर्चीतून मस्यू द सेनोव्हिल यांची काठी जमिनीवर आपटली.

“पुरे! काय चाललंय हे?” ते गरजले. “ही बाई मला वाचवायला खोटं बोलतेय, आणि मी ते ऐकत बसू? ते वाक्य माझं आहे.”

“मागच्या वेळी आपण म्हणालात—”

“मागच्या वेळी मी भ्यालो होतो. माझ्या घराण्यात पहिलाच! मी निरोप पाठवून शेवट बदलायला सांगितला. यांनी सांगितल्याप्रमाणे जुळवलं. एका मजूर बाईला असं वाक्य सुचेल असं वाटतं तुम्हाला? ‘तिला पश्चात्ताप झाला नाही.’ वीस वर्षं लिहिल्यावाचून असं वाक्य हाताशी येत नाही, साहेब.”

न्यायाधीशांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं. पण समोर कबुली होती, सही करायला तयार असलेला सरदार होता, आणि जेवणाची वेळ झाली होती. तासाभरात ठरलं : उरलेल्या प्रती नष्ट करायच्या, जुळवलेले खिळे मोडायचे, लेखकाने पुन्हा हे पुस्तक काढायचं नाही, आणि खटला भरायचा नाही. प्लासीदना साधी ताकीद. झेलीचं नाव कारकुनाने खोडून टाकलं. अर्धंच लिहिलेलं होतं.

बाहेर, रुंद दगडी पायऱ्यांवर, मस्यू द सेनोव्हिल यांनी तिला गाठलं. पाय ओढत, दात आवळत ते आले. प्लासीद दोन पायऱ्या खाली जाऊन पाठमोरे उभे राहिले.

“हिरवे डोळे सांगितले होते मला,” ते तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले.

आभार मानावेत की नाही हे तिला कळत नव्हतं. याने वाचवलं होतं, आणि तिच्या देखत, तिच्यासमोर उभं राहून, ते वाक्य उचलून आपल्या खिशात घातलं होतं. आणि किती सहज : मजूर बाईला सुचेल का?

“माझी गोष्ट बिघडवलीत तुम्ही,” ते म्हणाले. “बिघडवलीत आणि सुधारलीत, दोन्ही. मी खोटं बोललो ते तुमच्यासाठी की त्या वाक्यासाठी, देव जाणे.” मग एकदम ते जवळ झुकले, आणि त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांत भूक दिसली, शुद्ध भूक, ताटावर बसलेल्या मुलासारखी. “पुढचं सांगा मला. पळून गेल्यावरचं. तो कसा होता? आणि ती मुलगी? बंद दारामागची ती मुलगी? तिच्याबद्दलही पश्चात्ताप नाही?”

“ते वाक्य मुलीबद्दल नव्हतं,” झेली म्हणाली.

“मग मुलीबद्दलचं कुठंय?”

“ते तुम्हाला नाही मिळणार, मस्यू.”

पायऱ्या उतरताना प्लासीदनी तिला हात दिला, की तिने त्यांना, कोण जाणे. पुलापर्यंत दोघं चालत गेली. मग ते म्हणाले, “मला नाही विचारायचं काही. पण एक सांगतो. आई वारली तेव्हा मी तिला पत्र लिहिणारच होतो. तीस वर्षं लिहिणारच होतो.”

पत्र तिने रविवारी दुपारी लिहिलं. तेरा वर्षं दुसऱ्यांचे शब्द जुळवलेला हात कागदावर लहान मुलासारखा चालला. किती तरी कागद फाडले. क्षमा हा शब्द तिने तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला, कारण तो वाचला की तिला उंबऱ्यावर कोसळलेली ती सरदारीण दिसे. शेवटी उरलं ते एवढंच : मी जिवंत आहे. मी ज्याच्याबरोबर गेले त्याच्यावर माझं प्रेम होतं, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. त्या दिवशी दार बंद नव्हतं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आले होते आणि वर आले नाही. तुला हे माझ्याकडून कळावं. खाली तिने खरं नाव लिहिलं आणि खरा पत्ता. पत्र टपालपेटीत टाकल्यावर तिने पेटीच्या फटीत बोटं घालून बघितली. बोटं आत जात नव्हती.

मग पुन्हा वाट बघणं. जिन्यावर बुटांचा आवाज आला की पोलीस. ओळखीचा पोस्टमन वर न बघता पुढे गेला की, बरं झालं, आणि दुसऱ्या क्षणी, का गेला? पत्र नवऱ्याच्या हाती पडलं असेल. चुलीत गेलं असेल. किंवा तिने वाचलं असेल, चौघांत वाचून दाखवलं असेल. पाच आठवडे गेले. छापखान्यात एका रोपवाटिकेची यादी जुळवायचं काम होतं, गाजरं, कोबी, चौदा जातींचे वाटाणे, आणि झेली इतक्या चुका करू लागली की, लेखकाने दोष घेतल्यावर मालकांनी कामावर ठेवलेले प्लासीद, काचेतून नुसती मान हलवीत.

पत्र आलं ते एका मंगळवारी, कामावर निघताना. अक्षर अनोळखी होतं, गोल, शाळेतल्या नन शिकवतात तसं. तिने ते जिन्यातच, भिंतीला टेकून वाचलं.

‘मादाम, तुमचं पत्र पोचलं. ते पुस्तक मी वाचलं आहे. इथे एकाने एक प्रत लपवून ठेवली होती, ती सगळ्या गावात फिरली. तुम्ही निघून गेलात आणि पुढे कुठेतरी मेलात असंच मला लहानपणापासून सांगितलं होतं. पुस्तकातली बाई मरत नाही, रडतही नाही, हे वाचून मला राग आला. मग बरं वाटलं. मग पुन्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. दाराबद्दल बाबा वेगळं सांगतात. तुमचं पत्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, सूप संपवलं आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिला लिही की मी कुणाकडे तक्रार करणार नाही. कोणाचं खरं धरायचं ते मी ठरवीन, पण त्यासाठी मला तुम्हाला बघावं लागेल. बारा तारखेला माझं लग्न आहे. त्याआधी येऊ नका. त्या दिवशी लोकांनी माझ्याकडे बघावं असं मला वाटतं. चौदाला या. स्टेशनवर कोणी येणार नाही, रस्ता तुम्हाला माहीत आहे. – ऑरेली कोर्बे.’

तिने ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिला जाणवलं की आपण शब्द वाचत नसून नुसती सही बघतोय. छापखान्यात पोचायला तिला उशीर झाला. ग्रांदें दारातच उभा होता.

“अर्धा तास, मादाम! तुमच्यासाठी वाटाणे थांबणार आहेत का?”

“मला चौदा तारखेची रजा हवी. आणि पंधराची.”

“रजा? तेरा वर्षांत तुम्ही आजारीसुद्धा पडला नाहीत. काय काढलंत आता?”

“मुलीकडे जायचंय.”

ग्रांदेंने शीळ घालायला ओठांचा चंबू केला होता, तो तसाच राहिला. खिडकीजवळच्या बायकांचे हात थांबले.

“तुम्हाला मुलगी आहे?”

“आहे,” झेली म्हणाली. “ऑरेली.” आणि आणखी कोणी काही विचारायच्या आत ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, कारण समोर अख्खं पान जुळवायचं पडलं होतं.